बर्निस कोवालिकचा पियानोला नकार

बर्निस कोवालिकच्या अ‍ॅपला पहिला नकार आला तो मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमारास. ती ओटमील ढवळत होती. टेबलावरचा फोन थरथरला. अ‍ॅप स्टोअरचं पत्र जेमतेम तीन ओळींचं होतं. ‘आम्ही आपलं अ‍ॅप तपासलं. त्यातल्या एकाही व्हिडिओला आवाज येत नाही. कृपया हा बिघाड दुरुस्त करून अ‍ॅप पुन्हा सादर करावं.’

तिने ते दोनदा वाचलं, शेगडी बंद केली आणि पत्राचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘ये. यांना मी बिघडलेली वाटते.’

मी तिच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहते. माझं नाव कोरिन. मला ऐकू येतं, पण माझ्या आईवडिलांना येत नव्हतं, त्यामुळे तोंडाने बोलण्याआधी मी हातांनी बोलायला शिकले. आता इथल्या, रॉचेस्टरच्या, एका हॉस्पिटलात दुभाषी आहे. माझे वडील आणि बर्निस शहराच्या वर्तमानपत्रात वीस वर्षं शेजारीशेजारी काम करत होते. ‘बर्निस म्हणाली’ असं मी जिथे लिहीन, तिथे ती हातांनी म्हणाली असं समजा. आमच्या भाषेत अहो-जाहो नाही. समोरच्याकडे बोट केलं की तो ‘तू’ झाला, मग तो बिशप का असेना.

मी पोचले तेव्हा ती कोट घालून दारातच उभी होती, जणू कुणाशी तरी भांडायला निघायचं आहे आणि पत्ता तेवढा माहीत नाही.

“बिघाड,” ती म्हणाली. “दोनशे बारा व्हिडिओ. दोनशे बारा बिघाड.”

“तपासणाऱ्याला कळलं नसेल गं. त्याला सांग की हे बहिऱ्यांनी केलेलं आहे.”

“पहिल्याच पानावर लिहिलंय. वाचता येत नाही का त्याला?”

बर्निस तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. उंची पाच फुटांच्या आतली, केस पांढरे आणि स्वतःच कात्रीने कापलेले. नवरा, लाइल, जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती जन्मापासून बहिरी. पाचव्या वर्षी तिला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. त्या काळी वर्गात हात हलवायला बंदी होती. बाई तिच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायच्या आणि ‘प’ म्हणायला लावायच्या. पट्टी हलली की ‘प’ जमला. बर्निसने अकरा वर्षं पट्ट्या हलवल्या. शाळेच्या समारंभात तिला पुढे उभं करून पाहुण्यांना ऐकवायचे, बघा, किती सुरेख बोलते. सोळाव्या वर्षी ती एकटीच बेकरीत गेली आणि त्या सुरेख आवाजात तिने राय ब्रेड मागितला. काउंटरवरचा माणूस दचकला, मग हसला, मग त्याने आतून दुसऱ्याला ऐकायला बोलावलं. त्या दिवसानंतर तिने आवाज काढला नाही. “तो त्यांचाच होता,” ती म्हणते. “त्यांना परत केला.”

एकाहत्तर साली ती वर्तमानपत्रात लागली. जुळाऱ्यांच्या त्या हॉलमध्ये साठ माणसं होती, कुणी हाताने खिळे जुळवायचं, कुणी लायनो यंत्रावर बसून वितळलेल्या शिशाच्या ओळी पाडायचं. साठातले एकोणीस बहिरे. बहिरी माणसं तिथे सहज रुळायची, कारण यंत्रांचा गोंगाट एवढा की ऐकू येणाऱ्यांनाही एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही. मग तिथले आयरिश, इटालियन, सगळे आमच्या माणसांकडून खुणा शिकले. “त्या हॉलमध्ये सगळेच बहिरे होते,” बर्निस म्हणते. “आम्हाला फक्त सवय होती.”

त्या खुणा शाळेतल्या नव्हत्या, हॉलमध्येच घडलेल्या होत्या. फोरमन येतोय याची खूण होती, तो नुसता येतोय की रागावून येतोय याचीही वेगळी होती. मथळा जागेत मावत नाही, जाहिरातवाल्याने पुन्हा मजकूर बदलला, आज पगार आहे पण पाकीट हलकं आहे, या सगळ्याला खुणा होत्या. तिच्या पहिल्याच दिवशी यंत्रातून चकचकीत ओळी पडताना तिला दिसल्या आणि तिने एक उचलायला हात पुढे केला. समोरून एका उंच, हडकुळ्या माणसाने मधलं बोट ताठ करून डाव्या तळहातावर दोनदा आपटलं आणि झटक्यात मागे ओढलं. ती खूण तिने कधी पाहिली नव्हती, तरी तिचा हात थांबला. ‘ओळ गरम आहे, शिवू नकोस.’ तो माणूस डेल्बर्ट फेन. आता एक्क्याऐंशी वर्षांचा आहे आणि अजून तितकाच हडकुळा.

एकोणऐंशीत शिसं गेलं, संगणक आले. बर्निस मजकुराला अक्षरांचा आकार आणि रुंदी सांगणारी चिन्हं टंकायला शिकली आणि त्या कामात सगळ्यांच्या पुढे गेली. नव्या शतकाच्या सुरुवातीला तो विभागच बंद झाला. मग निवृत्तीपर्यंत तिने टपाल खात्यात पत्रं निवडली.

अ‍ॅपचं खूळ शिरलं ते आमच्या बहिऱ्यांच्या क्लबमधल्या एका शनिवारच्या जेवणात. डेल्बर्ट जुन्या फोरमनची गोष्ट रंगवून सांगत होता आणि कॉलेजातली बहिरी पोरं मान हलवत हसत होती. शेवटी एक मुलगी म्हणाली, “माफ कर, पण अर्ध्या खुणा मला कळल्याच नाहीत.” डेल्बर्टने सगळ्यांकडे वळून विचारलं, ‘ओळ गरम आहे’ ही खूण कुणाकुणाला येते? चाळीसेक माणसांत पाच हात वर झाले. पाचही सुरकुतलेले.

बर्निसने घरी जाऊन आठवतील तेवढ्या खुणा वहीत लिहायला घेतल्या. तीन आठवड्यांत दोनशे बारा झाल्या. त्यांचं पुस्तक कर, असं मी सुचवलं. ती म्हणाली, “हलणारी गोष्ट कागदावर कशी चिकटवणार? आणि पोरं फोनमधून डोकं वर काढत नाहीत. मग आपणच फोनमध्ये जाऊन बसायचं.”

एकाहत्तराव्या वर्षी ती अ‍ॅप लिहायला शिकली. शिकवणाऱ्या व्हिडिओंखाली आपोआप उमटणारी अक्षरं भयंकर होती. ‘लूप’ म्हणजे तीच आज्ञा पुन्हापुन्हा फिरवणं, त्याच्या जागी ‘सूप’ यायचं. “चार दिवस मी सूप फिरवत होते,” ती सांगायची. शेवटी तिने खालची अक्षरं झाकली आणि नुसता पडद्यावरचा कोड वाचून शिकली. आयुष्यभर दुसऱ्याचा मजकूर अक्षर न अक्षर तपासलेली बाई ती. एखादा स्वल्पविराम चुकला तरी तिला तो खुपायचा.

चित्रीकरण तिच्या तळघरात झालं, निळ्या चादरीसमोर. डेल्बर्ट रोज टाय लावून यायचा.

“अरे, जुळारी कधी टाय लावायचे का?” ती वैतागायची.

“माझी नातवंडं बघणार आहेत. मी एप्रनमध्ये मरणार नाही.”

वर्षभर ते चाललं. मग फॉर्म भरणं आलं. पाच वेगवेगळ्या मापांत पडद्यांची चित्रं, अ‍ॅपचं वर्णन, वयोगटाची प्रश्नावली. वापरणाऱ्याची कोणती माहिती गोळा करता ते सविस्तर लिहा, असा एक रकाना होता. तिने लिहिलं, ‘कोणतीही नाही. तुम्ही कोण आहात हे मला जाणून घ्यायचं नाही.’ ते त्यांनी निमूट मान्य केलं. अडलं ते आवाजावर.

पहिल्या नकाराला तिने सभ्य उत्तर लिहिलं. हे बहिऱ्या कामगारांच्या खुणांचं अ‍ॅप आहे, खुणांना आवाज नसतो, प्रत्येक व्हिडिओखाली अर्थ लिहिलेला आहे. काहीही न बदलता तेच अ‍ॅप तिने पुन्हा सादर केलं. चार दिवस ‘तपासणीच्या प्रतीक्षेत’, मग तासभर ‘तपासणी चालू’, मग पुन्हा नकार. ‘आपल्या खुलाशाबद्दल आभार. तथापि व्हिडिओंना आवाज नसल्यामुळे वापरणाऱ्यांना अ‍ॅप अपूर्ण वाटू शकतं. निवेदन किंवा पार्श्वसंगीत जोडण्याचा विचार करावा.’

त्या शनिवारी क्लबमध्ये सगळ्यांनी ते पत्र वाचलं. क्लबचे अध्यक्ष हुशार गृहस्थ. ते म्हणाले, “पियानो टाक थोडा. आपल्याला कुठे ऐकू येणार आहे? त्यांना बरं वाटेल, आपलं काम होईल.”

“दहा मिनिटांचं काम आहे,” दुसरा म्हणाला.

बर्निसने माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलायला जमलं नाही. मी म्हणाले, “मलाही तसंच वाटतं. फुकट मिळतं असलं संगीत. मी शोधून देते. कुणाचं काही बिघडत नाही.”

तिने हातातला काटा बशीत ठेवला.

“कोरिन, तुझा बाप तिथे सतरा वर्षं लायनोवर होता. पियानो वाजत होता का तिथे?”

“नव्हता. पण यंत्रांचा आवाज तर होता. तो टाकूया हवं तर.”

“तो तुला ठाऊक. तुझ्या बापाला ठाऊक नव्हता. ही गोष्ट तुझ्या बापाची आहे.”

“मी फक्त मार्ग काढतेय.”

“अकरा वर्षं माझ्या तोंडापुढे कागद धरला होता,” ती म्हणाली, आता तिच्या खुणा मोठ्या झाल्या होत्या, पलीकडच्या टेबलावरचेही बघत होते. “मी फुंकर मारली की सगळ्यांना बरं वाटायचं. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. आता त्र्याहत्तराव्या वर्षी पुन्हा फुंकर मारू? मी करणार नाही. अ‍ॅप गेलं उडत.”

डेल्बर्टने शांतपणे आपल्या बशीतला बटाटा संपवला आणि म्हणाला, “मी पियानोसाठी टाय लावला नव्हता.”

मी घरी गेले ती खजील होऊन. पन्नास वर्षं त्यांच्यात काढली, पण अडचण आली की मलाही पहिला उपाय सुचला तो ऐकणाऱ्यांना बरं वाटेल असाच.

तिने तिसऱ्यांदा तेच अ‍ॅप पाठवलं. या वेळी तपासणारा कुणी वेगळा असावा, कारण आवाजाबद्दल अवाक्षर नव्हतं. नवीनच खुसपट निघालं होतं. ‘अठ्ठ्याऐंशी क्रमांकाच्या व्हिडिओत अश्लील हावभाव आढळला. तो काढून टाकावा.’

अठ्ठ्याऐंशी म्हणजे ‘ओळ गरम आहे, शिवू नकोस’. मधलं बोट ताठ.

डेल्बर्टला हे कळलं तेव्हा तो इतका खूश झाला की आल्यागेल्याला दाखवत सुटला. “एक्क्याऐंशीव्या वर्षी मी अश्लील झालो. माझ्या बायकोला हे बघायला मिळायला हवं होतं.”

“हसू नकोस,” बर्निस म्हणाली. “त्या खुणेने माझी बोटं वाचली.”

“माहीत आहे. मीच वाचवली. पण एकशे एकेचाळीस नंबर त्यांना दिसला नाही का?”

बर्निसचे हात हवेत थांबले. एकशे एकेचाळीस नंबरची खूण संपादकांसाठी होती. शेवटच्या मिनिटाला पहिलं पान बदलणाऱ्या संपादकांसाठी. तिचा अर्थ मी इथे लिहिणार नाही. दिसायला ती अगदी निरागस, जणू कुणी पीठ मळतंय. जी खूण खरोखर अश्लील होती ती तपासणाऱ्याच्या नजरेतून साफ सुटली होती.

“गप्प बस,” मी तिला म्हणाले. “त्यांना कळलेलं नाही, तर राहू दे.”

पण बर्निस वयोगटाची प्रश्नावली उघडून बसली. ‘असभ्य विनोद आहे का?’ याला तिने आधी ‘नाही’ लिहिलं होतं. ते खोडून तिने ‘किंचित’ केलं. अ‍ॅप बारा वर्षांवरच्यांसाठी झालं.

“काढून का टाकत नाहीस?” मी विचारलं. “लहान मुलांनाही बघता येईल मग.”

“आम्ही कामगार होतो, देवदूत नव्हतो. जे होतं ते सांगीन. पण जे अश्लील नाही ते अश्लील आहे असं मी कुणाला म्हणू देणार नाही.”

तिने रीतसर दाद मागितली. त्या फॉर्ममध्ये फोन नंबर सक्तीचा होता, पाच दिवसांत आमचा प्रतिनिधी आपल्याशी बोलेल, असं लिहिलेलं होतं. बर्निसने आपला नंबर दिला. आमच्याकडे बहिऱ्या माणसाचा फोन दुभाष्यामार्फत चालतो. तिला पडद्यावर दुभाषी दिसतो, तो पलीकडच्याचं बोलणं खुणांनी सांगतो आणि तिच्या खुणा तोंडाने. फोन आला की तिच्या घरातले दिवे लुकलुकतात.

गुरुवारी दुपारी दिवे लुकलुकले. मी तिथेच होते. पडद्यावर दुभाषी आला, पलीकडच्याला समजावू लागला की हा फोन दुभाष्यामार्फत जोडलेला आहे, आणि मध्येच थांबला.

“त्यांनी फोन ठेवला,” तो बर्निसला म्हणाला.

शुक्रवारी पुन्हा तेच. जाहिरातीचा फोन समजले असावेत. सोमवारी पत्र आलं. ‘आपल्याशी दोनदा संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, प्रतिसाद मिळाला नाही. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.’

ते वाचून मीच चिडले. मी फोन हातात घेतला. “आण तो नंबर. मी बोलते त्यांच्याशी. माझा आवाज ऐकल्यावर फोन नाही ठेवणार.”

“तेच तर,” बर्निस म्हणाली. “तुझ्याशी बोलतील. ठेव खाली.”

“मग काय करणार आहेस तू?”

“बोलणार आहे. माझ्या भाषेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चांगला निळा ब्लाउज घातला, तळघरात जाऊन चादरीसमोर उभी राहिली आणि मला कॅमेऱ्यामागे उभं केलं. सहा मिनिटं ती बोलली. हॉलबद्दल, एकोणीस माणसांबद्दल, त्यातल्या आता उरलेल्या पाचांबद्दल. अठ्ठ्याऐंशी नंबरची खूण करून दाखवली आणि मग आपली दहाही बोटं कॅमेऱ्यासमोर धरली, एकेक करून मोजली. दोनदा ठेवलेल्या फोनबद्दल सांगितलं. शेवटी म्हणाली, “माझं अ‍ॅप पूर्ण आहे. त्यात काही कमी नाही. तुम्हाला ऐकायची सवय आहे, ती माझी चूक नाही.”

मी विचारलं, “खाली इंग्रजी अक्षरं टाकू ना?”

“नको.”

“आवाजात अनुवाद?”

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

“अगं, कुणाला कळणार नाही.”

“मग शोधतील कुणीतरी कळणारा. साठ वर्षं मी त्यांच्यासाठी दुभाषी शोधतेय. एकदा त्यांनी शोधावा.”

नवी तक्रार तिने उघडली. मजकुराच्या रकान्यात एकच ओळ लिहिली, ‘माझं म्हणणं सोबतच्या व्हिडिओत आहे’, आणि पाठवून दिली. खरं सांगायचं तर मला वाटलं, संपलं सगळं. असला व्हिडिओ कोण उघडून बघणार?

अकरा दिवस काही आलं नाही. बर्निस रोज सकाळी फोन बघायची, मग बर्फ उपसायला बाहेर जायची. एप्रिल लागला तरी आमच्याकडे बर्फ चालूच असतो. तिने कुणाजवळ कुरकूर केली नाही. फक्त एकदा शेजाऱ्याची पायवाट पण उपसून टाकली, कारण तिच्या अंगात अजून जोर शिल्लक होता.

बाराव्या दिवशी पत्र आलं. पहिल्यांदाच त्याखाली माणसाचं नाव होतं, प्रिसिला ओकाफोर. तिने लिहिलं होतं, ‘तुमचा व्हिडिओ मी एका दुभाष्यासोबत दोनदा पाहिला. मला तुमच्याशी समोरासमोर बोलायला आवडेल. व्हिडिओवर भेटूया का? तुम्ही सोबत दुभाषी आणलात तरी चालेल.’

मी म्हणाले, “मी आहेच. सुट्टी काढते.”

“तू ये. कॉफी पी, बस. पण दुभाषी म्हणून नाही. दुभाषी त्यांना हवाय, मला नाही. त्यांनीच आणावा.”

तसं तिने कळवलं, आणि त्यांनी आणला. भेटीच्या दिवशी डेल्बर्टही आला, टाय लावून. पडद्यावर प्रिसिला दिसली. तिशीतली, दमलेल्या डोळ्यांची, मागे भिंतीवर सायकल टांगलेली. शेजारच्या चौकटीत त्यांचा दुभाषी होता.

प्रिसिलाने सुरुवातीलाच फोनबद्दल माफी मागितली. मग म्हणाली, “मी दिवसाला ऐंशी अ‍ॅप बघते. आवाज नाही म्हणजे बिघाड, हे हाताला लागलेलं वळण आहे. तुमच्या बाबतीत ते चुकलं. पण माझी अडचण समजून घ्या. लोक हे उघडतील, आवाज येत नाही म्हणून तक्रार करतील. सुरुवातीला एक इशारा टाकाल का?”

“इशारा कशाचा?” बर्निस म्हणाली. “इशारा धोक्याचा असतो. निसरड्या फरशीचा. मी फरशी आहे का?”

दुभाष्याने ते शब्दशः सांगितलं. प्रिसिला हसू दाबत म्हणाली, “बरं, इशारा नको. सूचना?”

“मी सांगते काय लिहायचं ते. वर्णनाची पहिली ओळ लिहून घे. ‘या अ‍ॅपला आवाज नाही. तुमचा फोन ठीक आहे.’”

प्रिसिलाने लिहून घेतलं. वाचलं. “हे चालेल,” ती म्हणाली. “हे चांगलं आहे.”

“आणि अठ्ठ्याऐंशी?”

“तो मी आधीच मोकळा केलाय. तुमची बोटं मोजल्यावर काय बोलणार?” मग तिने विचारलं, “एक शंका आहे. वयोगट तुम्ही स्वतःहून वाढवलात. असभ्य विनोद कुठे आहे? मला सापडला नाही.”

बर्निसने डेल्बर्टकडे पाहिलं. डेल्बर्टने टाय सरळ केला, पुढे सरकला आणि एकशे एकेचाळीस नंबर करून दाखवला, सावकाश, मग त्याचा अर्थ साध्या खुणांत फोडून सांगितला. दुभाष्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याने कसंबसं भाषांतर केलं. प्रिसिलाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला, खांदे हलत होते तिचे.

“बारा ठीक आहे,” ती शेवटी म्हणाली.

“बाराच?” डेल्बर्ट हिरमुसला. “मला वाटलं अठरा तरी.”

दोन दिवसांनी, बुधवारी, ‘छापखान्याचे हात’ या नावाने तिचं अ‍ॅप स्टोअरवर आलं. काहीही न काढता, काहीही न जोडता. दोनशे बारा खुणा. बर्निसने मला कळवायच्या आधी डेल्बर्टला कळवलं, आणि त्याने क्लबमधल्या सगळ्यांना. अध्यक्ष पियानोवाला सल्ला विसरून गेले होते आणि शनिवारी भाषण करायला उभे राहिले. बर्निसने ते ऐन मध्यात थांबवलं. “तू पियानो म्हणाला होतास,” ती म्हणाली. “आता केक काप.” ते खरंच बसले आणि केक कापला.

पहिल्या महिन्यात अ‍ॅप नऊशे फोनांवर गेलं. स्टोअरच्या मानाने नऊशे म्हणजे काहीच नाही. पण बर्निसच्या डोक्यात हिशेब होता तो एकोणीस माणसांचा, आणि नऊशे हा आकडा तिला बिलकुल लहान वाटला नाही. क्लबात कॉलेजची पोरं आता ‘पाकीट हलकं आहे’ ही खूण सर्रास करतात. एकशे एकेचाळीस त्यांना सगळ्यात आधी पाठ झाली, आणि ती आता संपादकांपुरती राहिलेली नाही.

शांतता मात्र तिला मिळाली नाही, आणि ती तिला हवीही नव्हती. मे महिन्यात जवळच्या बफेलो शहरातून एका म्हाताऱ्याचा व्हिडिओ आला. तो तिथल्या एका छापखान्यात तीस वर्षं होता. नाव एमेट स्क्रूग्ज. पांढऱ्या भुवया, हातांना घाई. “तुझं अ‍ॅप बघितलं,” तो म्हणत होता. “चुकांनी भरलेलं आहे. फोरमनची खूण अशी नव्हतीच. ‘मथळा मावत नाही’ तर साफ चूक. रॉचेस्टरवाले कायमच आळशी हातांचे.”

मला वाटलं, तिला लागेल ते. तिने तो व्हिडिओ तीनदा पाहिला, आणि तिसऱ्यांदा पाहताना खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती.

“आळशी,” ती म्हणाली. “आम्हाला?”

तिने तिथल्या तिथे उत्तर पाठवलं. “तोंडपाटीलकी घरी बसून सगळ्यांनाच जमते. ये इथे आणि चादरीसमोर उभा राहून दाखव.”

तो आला. एकटा नाही, आणखी दोघांना घेऊन. दोघेही ऐंशीच्या आसपास, एकाची काठी, एकीचा ऑक्सिजनचा सिलिंडर चाकांवर. शनिवारी सकाळी त्यांची व्हॅन बर्निसच्या दारात लागली. नमस्कार-चमत्कार झाले नाहीत. व्हॅनमधून उतरतानाच एमेटने फोरमनची खूण केली आणि डेल्बर्टने पायऱ्यांवरूनच मान झटकून आपली करून दाखवली. तळघराच्या जिन्यात ते दोघे इतके भांडत होते की खाली उतरायला पंधरा मिनिटं लागली, कारण कठडा धरला तर हात अडकतात आणि हात अडकले तर बोलता येत नाही.

मी कॅमेरा लावला. बर्निसने नवी वही काढून पहिल्या पानावर दोनशे तेरा आकडा घातला. समोर चौघे एकाच वेळी बोलत होते. ऑक्सिजनवाल्या बाई तर सगळ्यात जोरात, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. बर्निसने भिंतीवरचं बटण दोनदा खालीवर केलं. दिवा लुकलुकला, चारही चेहरे तिच्याकडे वळले.

“एकेक जण,” ती म्हणाली. “बफेलो आधी. आणि एमेट, चूक दाखवायची असेल तर नीट उजेडात येऊन दाखव.”